खाणीची कड आणि शेजाऱ्याचा बांध

मुरमाची खाण शेजाऱ्याच्या बांधापासून किती लांब थांबावी, हे खाणीची खोली आणि तिच्या कडेचा उतार यांवर ठरते. दख्खनच्या पठारावर वरून खाली साधारणपणे काळी माती, मुरूम, पिचलेला खडक आणि तळाशी अखंड काळा पाषाण असा क्रम लागतो. पाषाणाची भिंत बरीच उभी राहते. लाव्हाच्या दोन थरांमधला लाल मातकट पट्टा हे तिचे एक दुबळे अंग. मुरूम मात्र कोरडा असेपर्यंतच भरवशाचा. पोकलेनने सरळ कापलेली कड उन्हाळाभर जागची हलत नाही. पाऊस मुरला की कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, त्यांची एकमेकांवरची पकड सुटते आणि कड खचते. त्याआधी बहुधा वरच्या जमिनीवर कडेला समांतर भेगा पडतात. खाणीत साचलेले पाणी पंपाने झपाट्याने उपसले तरी हाच धोका संभवतो. भिजून जड झालेल्या कडेला त्या पाण्याचाच टेकू असतो आणि उपशाबरोबर तो निघून जातो.

हे सारे ओळखून धातुमय खाणींसाठीच्या १९६१ च्या केंद्रीय विनियमांनी मोजमापे घालून दिली. माती, मुरूम, वाळूमिश्रित गोटे अशा सैल जमिनीत कडेचा उतार ४५ अंशांपेक्षा तीव्र नसावा. नाहीतर पायऱ्या कापाव्यात, पायरीची उंची दीड मीटरपेक्षा जास्त नसावी आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नसावी. कठीण जमिनीत पायरीची उंची सहा मीटरपर्यंत चालते. कड खालून पोखरून वरचा भाग लोंबता ठेवण्यास मनाई आहे. खाणीच्या हद्दीपासून साडेसात मीटरचा पट्टा न खोदता राखायचा असतो. सार्वजनिक रस्ता, इमारत किंवा दुसऱ्याचे पक्के बांधकाम असेल, तर ४५ मीटरच्या आत काम करण्यासाठी खाण सुरक्षा यंत्रणेची लेखी परवानगी लागते.

हे नियम पाळायला जमीन खर्ची पडते. दहा मीटर खोल खाणीत साडेसात मीटरचा पट्टा राखून ४५ अंशांचा उतार दिला, तर खाणीचा तळ हद्दीपासून साडेसतरा मीटर अलीकडे संपतो. नुसत्या उतारात, कडेच्या दर मीटर लांबीमागे, पन्नास घनमीटर मुरूम अडकून राहतो. शंभर मीटरच्या बांधाला लागून ही तूट साडेसतराशे ब्रासहून (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) अधिक होते. उभी कड कापण्याचा मोह इथून सुरू होतो.

मोठी पळवाट मात्र खुद्द कायद्यातच होती. हे विनियम ज्याच्या आधारे झाले, त्या १९५२ च्या खाण कायद्याने मुरूम, जांभा, गोटे, बांधकामाचा दगड अशा खनिजांच्या लहान उघड्या खाणींना बहुतेक तरतुदींतून सूट दिली. अटी तीनच: खोली कुठेही सहा मीटरपेक्षा जास्त नसावी, एका दिवशी पन्नासपेक्षा जास्त माणसे कामावर नसावीत आणि स्फोटके वापरली जाऊ नयेत. एका पोकलेनवर आणि चार डंपरवर चालणारी मुरमाची खाण या तिन्ही अटींत सहज बसते. कामगारांची संख्या आणि सुरुंगाचा धोका डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या या सवलतीत शेजाऱ्याचा विचार दिसत नाही. त्याच्या बांधाला लागून कापलेली सहा मीटरची उभी कड दुमजली घराइतकी उंच असते.

शेजाऱ्याला आधार उरतो तो दिवाणी कायद्याचा. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याच्या सातव्या कलमातील एका उदाहरणानुसार, नैसर्गिक स्थितीतील जमिनीला लगतच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळणे हा मालकाचा हक्क आहे. पण ‘नैसर्गिक स्थिती’ म्हणजे न खोदलेली आणि वर कृत्रिम भार नसलेली जमीन. घर, विहीर किंवा पाण्याची टाकी असलेल्या जागेसाठी हा हक्क तेवढा सरळ राहत नाही आणि निकाल लागेपर्यंत पावसाळे थांबत नाहीत.

महसूल यंत्रणेचे लक्ष मुख्यतः ब्रासवर असते. परवान्यापेक्षा जास्त उत्खनन झाले, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४८ (७) कलमाखाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड सरकारजमा होतो. शेजाऱ्याचा खचलेला बांध तसाच राहतो. शिवाय परवान्याइतकाच मुरूम काढून धोकादायक कड ठेवणाऱ्याला तो लागूच होत नाही.

यावर उपाय परवान्याच्या अटींतच करता येईल. सहा मीटरपेक्षा उथळ खाणींनाही हद्दीपासूनचा पट्टा आणि ४५ अंशांचा उतार सक्तीचा असावा. हद्दीचे आणि उताराच्या माथ्याचे खांब पहिली बादली लागण्याआधी, लगतच्या खातेदारांच्या समक्ष रोवले जावेत. खाणीची ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) यंत्राने मोजणी होतेच. त्याच बिंदूंवरून उतारही काढता येतो, म्हणून मोजणी अहवालात ब्रासच्या आकड्याशेजारी कडेचा कोन नोंदवावा. माथ्यावर पाणी वळवणारा चर आणि कुंपण मे महिनाअखेर तयार असावे. कामाआधी अनामत रक्कम घ्यावी आणि कड उताराला आणल्याची खात्री झाल्यावरच ती परत द्यावी. खड्ड्यात सैल भराव टाकून हिशेब मिटवू देऊ नये. थराथराने न दाबलेला भराव शेजारच्या जमिनीला पुरेसा आधार देत नाही.

या अटींमुळे मुरूम थोडा महाग पडेल. आज तो स्वस्त पडतो, कारण किमतीचा एक भाग शेजारचा शेतकरी आपल्या जमिनीतून भरतो. तो भार खाणपट्टाधारकावर टाकणे हेच या नियमनाचे काम आहे.