निबंध कशाच्या आधारें लिहिला?

आमच्या ह्या वार्षिक अंकासाठीं दरसाल जे लेख आमच्याकडे येतात, त्यांत इतिहासविषयक निबंधांचा भरणा नेहमींच मोठा असतो, आणि तो तसा असावा ह्यांत आम्हांस आनंदच आहे. परंतु यंदांचे निबंध एकामागून एक वाचीत असतां आमच्या मनांत एक चमत्कारिक शंका आली, ती ही कीं, हे सर्व निबंध एकाच लेखकानें तर लिहिले नाहींत ना? प्रतापगडाचें वर्णन ज्या शब्दांत एकानें केलें त्याच शब्दांत दुसऱ्यानें केलें; पानिपतावर अश्रू ढाळतांना तिघांनीं एकाच ठिकाणीं उसासा टाकिला; आणि एका मार्गदर्शक पुस्तकांत छपाईच्या चुकीनें पडलेलें साल चार निबंधांत जसेंच्या तसें उतरलें. ही शेवटची गोष्ट ध्यानांत आली तेव्हां आम्हांस प्रथम हंसूं आलें व मागाहून वाईट वाटलें. मुलें आळशी आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. अक्षर सुवाच्य, समास नीट सोडलेला, म्हणी यथास्थित पेरलेल्या. मेहनत पुष्कळ, परंतु ती सारी नक्कल करण्याची. पूर्वीं ही नक्कल पुस्तकांतून होत असे, आतां मोबाईलवरून होते, इतकाच काय तो फरक.

ह्याचें कारण आमच्या मतें असें आहे कीं, इतिहासाचा निबंध कशाच्या आधारें लिहावयाचा हें आम्ही शिक्षकांनींच मुलांस कधीं नीट सांगितलें नाहीं. ज्या काळाविषयीं लिहावयाचें त्या काळांत, त्या घडामोडींशीं संबंध असलेल्या माणसानें लिहिलेलें पत्र, हिशेब, निवाडा, रोजनिशी किंवा त्या काळचें नाणें व शिलालेख हें अस्सल साधन. आणि अशीं साधनें पाहून, किंवा न पाहतां केवळ ऐकून, पुढें कोणीं जो ग्रंथ रचिला तें दुय्यम साधन. व्याख्या एवढीच आहे. परंतु व्याख्या पाठ करून कांहीं साधत नाहीं. म्हणून आम्ही सर्वांच्या परिचयाचें एक उदाहरण घेतों.

श्रीशिवाजीमहाराजांचा जन्म कधीं झाला? हा प्रश्न आज सोपा वाटतो. परंतु तो सुटण्यास पाऊणशें वर्षांहून अधिक काळ लागला. मल्हार रामराव चिटणीस ह्यांनीं सुमारें १८१० सालीं सातारा येथें बखर लिहिली, तींत शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया दिली आहे. ग्रँट डफ साहेबांनीं १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासांत १६२७ हेंच साल धरलें. पुढें जो तो डफ साहेबांकडे बोट दाखवूं लागला, आणि शंभर पुस्तकांत छापलेलें साल तें खोटें कसें असेल, असें लोकांस वाटूं लागलें. परंतु त्या शंभर पुस्तकांचा साक्षी एकच होता, आणि तो जन्मानंतर पावणेदोनशें वर्षांनीं बोलत होता! १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं जेधे देशमुखांच्या घरची शकावली उजेडांत आणिली. तींत जन्मतिथि शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया अशी निघाली. त्यानंतर कवींद्र परमानंदाचें शिवभारत हें संस्कृत काव्य तंजावरच्या पोथीवरून १९२७ सालीं छापलें गेलें. परमानंद हा महाराजांच्या पदरचा कवि, त्यानेंही तीच तिथि दिलेली. राजपुतान्यांत जोधपूर येथें जुन्या कुंडल्यांच्या संग्रहांत सांपडलेली कुंडलीही ह्याच तिथीशीं जुळली. कऱ्हेपठारांतला नव्हे, मावळांतला एक देशमुख, दक्षिणेंत जाऊन पडलेली एक पोथी आणि मारवाडांतला एक जोशी, ह्यांनीं एकमेकांशीं मसलत करून एकच तिथि लिहून ठेविली असेल, असें कोण म्हणेल? शंभर पुस्तकांच्या एका साक्षीहून ह्या तिघांच्या स्वतंत्र तीन साक्षी अधिक वजनदार ठरल्या. तरीही वाद चालूच राहिला, आणि महाराष्ट्र सरकारनें १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृतपणें धरली ती २००१ सालीं.

येथें आम्हांस आपली एक चूक कबूल केली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्याच हाताखालच्या एका विद्यार्थ्यानें निबंधांत महाराजांची जन्मतारीख १ मार्च १६३० अशी लिहिली होती. आम्ही ती तांबड्या शाईनें खोडली व गुण कापले. मुलगा वही घेऊन आमच्यापाशीं आला व म्हणाला, "सर, दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या आहेत." आम्ही त्यास पाठ्यपुस्तक दाखविलें आणि उलट उत्तर देऊं नये म्हणून बजाविलें. तो वही मिटून गेला. पुढें एके दिवशीं एका ग्रंथाची तळटीप वाचीत असतां आमच्या डोळ्यांत अंजन पडलें. १९ फेब्रुवारी ही जुन्या, म्हणजे ज्युलियन पंचांगाची तारीख. पोप ग्रेगरीनें १५८२ सालीं पंचांग सुधारलें, त्या सुधारलेल्या गणनेनें सतराव्या शतकांत दहा दिवस मिळवावे लागतात, आणि मग त्याच फाल्गुन वद्य तृतीयेस १ मार्च येतो. मुलाचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. त्यानें तळटीप वाचली होती, आम्ही वाचली नव्हती. परंतु तोंवर तो शाळा सोडून गेला होता, आणि निबंधाच्या स्पर्धेंत त्यानें पुनः भाग घेतल्याचें आम्हांस आठवत नाहीं. ते कापलेले गुण आजही आमच्या मनास टोंचतात.

हा तारखांचा घोळ क्षुल्लक आहे असें कोणीं समजूं नये. त्या काळीं गोव्याचे पोर्तुगीज नवीन पंचांग वापरीत आणि सुरतेचे इंग्रज जुनें. तेव्हां एकाच घटनेविषयीं गोव्याहून गेलेल्या पत्रांत व सुरतेहून गेलेल्या पत्रांत दहा दिवसांचें अंतर पडावयाचेंच. इतकेंच नव्हे, तर इंग्रजांचें वर्ष तेव्हां २५ मार्चला सुरू होई. महाराजांनीं सुरत लुटली ती जानेवारी १६६४ मध्यें; परंतु तेव्हांच्या इंग्रजी कागदावर साल १६६३ दिसूं शकतें. ज्यास हें ठाऊक नाहीं तो म्हणणार कीं इंग्रज खोटें लिहितात, किंवा सुरत दोनदां जानेवारींत लुटली गेली!

सुरतेचा विषय निघालाच आहे, तर तेथील एका पत्राची हकीकत सांगण्याजोगी आहे. लुटीच्या वेळीं इंग्रजांच्या वखारींत जॉन लेस्कॅलियट नांवाचा पाद्री होता. लूट संपल्यावर थोड्याच दिवसांनीं, २६ जानेवारी रोजीं, त्यानें विलायतेंतील नॉर्विच येथील विद्वान् वैद्य सर टॉमस ब्राउन ह्यांस एक लांबलचक पत्र धाडिलें. तें पत्र आज उपलब्ध आहे. ह्याहून अस्सल साधन तें कोणतें? लिहिणारा जागेवर हजर, घटना ताजी, आणि वाचणारा खासगी गृहस्थ. परंतु सावधपणें वाचूं लागलें म्हणजे असें दिसतें कीं, ह्या पाद्र्यानें आग व धूर डोळ्यांनीं पाहिला, ऑक्झेंडनसाहेबानें वखारीचा बंदोबस्त कसा केला तें पाहिलें. परंतु महाराजांच्या छावणींत काय चाललें होतें तें त्यास ठाऊक झालें तें दुसऱ्याच्या तोंडून. अँथनी स्मिथ नांवाचा कंपनीचा एक नोकर मराठ्यांच्या हातीं सांपडला होता, त्यानें सुटून आल्यावर जें सांगितलें तें पाद्र्यानें लिहिलें. तेव्हां एकाच पत्राचा एक भाग पाहिलेला व दुसरा ऐकलेला. शिवाय पत्र लिहिणारा ज्या पक्षाच्या भिंतीआड उभा होता त्या पक्षाची भीति व राग त्यांत उतरणारच. महाराजांविषयीं त्यानें वापरलेलीं कडू विशेषणें वाचून आमच्या एखाद्या विद्यार्थ्याचें रक्त तापेल, तापूं द्यावें. मात्र तेवढ्यासाठीं पत्र फाडूं नये आणि विशेषणें गाळूनही नक्कल करूं नये. शत्रूच्या लेखणींतून अनिच्छेनें निघालेली एखादी गोष्ट मित्राच्या स्तुतीहून मोलाची ठरते.

अस्सल कागद म्हणजे वेदवाक्य, असा उलट भ्रम होऊं नये म्हणून आम्ही आमच्याच शाळेंतील एक साधन दाखवितों. जुनें जनरल रजिस्टर उघडा. किती मुलांचा जन्म १ जूनचा आहे तें मोजा. आई-बापांस नक्की तारीख ठाऊक नसे, शाळा जूनमध्यें भरे, मास्तरांस वय तर जमवावयाचें असे. मग काय, लिहा १ जून! रजिस्टर अस्सल, शाई अस्सल, सही हेडमास्तरांची. आणि तारीख मात्र कल्पनेची. परंतु हेंच रजिस्टर जन्मतारखेसाठीं न वाचतां, कोणकोणत्या गांवांहून, कोणकोणत्या धंद्यांच्या घरांतून मुलें शिकावयास आलीं, मुलींची संख्या कोणत्या सालापासून वाढली, हें पाहण्यासाठीं वाचा, म्हणजे तें भराभर खरें बोलूं लागतें. साधन खरें कीं खोटें हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या प्रश्नासाठीं खरें, असें विचारिलें पाहिजे. ह्याच न्यायानें चिटणिसांची बखर महाराजांच्या जन्मतिथीस दुय्यम आणि दुबळी ठरली तरी १८१० सालीं साताऱ्याच्या दरबारांत महाराजांविषयीं काय समजूत होती, ह्या प्रश्नास ती अव्वल दर्जाची साक्ष आहे.

दुय्यम ग्रंथांची अवहेलना करणाऱ्या नवशिक्या संशोधकांचाही एक वर्ग असतो, त्यांस दोन शब्द सांगितले पाहिजेत. डफ साहेब चुकले, म्हणून डफ साहेब टाकाऊ, हें अगदीं पोरकट बोलणें आहे. त्यांनीं साताऱ्यास राहून दप्तरें व बखरी जमविल्या आणि कोणती गोष्ट कशावरून घेतली ह्याच्या टीपा दिल्या. त्या टीपा दिल्या म्हणूनच पुढच्यांस त्यांची चूक धरतां आली. ज्यानें आधार सांगितला नाहीं त्याची चूक धरावी तरी कशी? आणि डफ साहेबांवर पहिली नेटकी टीका केली ती कोणा वयोवृद्ध पंडितानें नव्हे. नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्यांनीं १८६८ च्या सुमारास, ऐन तरुणपणीं, निबंध लिहूनच ती केली. मागाहून राजवाडे आले. १८९८ सालीं त्यांचा पानिपतच्या काळच्या पत्रांचा पहिला खंड निघाला आणि मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें ह्या मालेचे एकंदर २२ खंड झाले. परंतु राजवाड्यांनाही आधींचे ग्रंथ पाठ होते. कोणत्या पत्रांत नवें काय आहे हें त्याशिवाय कळलें नसतें. आधीं चांगला ग्रंथ वाचावा, मग कागदांकडे जावें, आणि कागद पाहून पुनः ग्रंथाकडे यावें, हा क्रम आम्हांस बरा वाटतो.

आतां आमची सूचना. निबंधाचा विषय लहान घ्यावा. "मराठ्यांचा उत्कर्ष व अपकर्ष" हा विषय सोळा वर्षांच्या मुलास पेलत नाहीं. तो साठाव्या वर्षीं तरी पेलतो कीं नाहीं, देव जाणे. त्यापेक्षां आपल्या गांवची विहीर कोणीं बांधली, आपल्या आजोबांनीं दुष्काळांत जमीन किती रुपयांस गहाण टाकिली, चर्चच्या जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहींत कोणतीं आडनांवें येतात, असा एखादा प्रश्न घ्यावा. प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर कोणीं लिहिलें, कधीं लिहिलें, कोणास लिहिलें आणि लिहिणाऱ्यानें पाहिलें कीं ऐकिलें, एवढें लिहून ठेवावें. पाठ्यपुस्तकाशीं विसंगत गोष्ट निघाली तर भिऊं नये. परंतु आधार दाखवावा.

अडचण मोडी लिपीची आहे, हें आम्ही जाणतों. गेल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ती शाळांतून उठली, आणि आतां नातवास आजोबांच्या वडिलांची सही वाचतां येत नाहीं. किती घरांतून हे न वाचतां येणारे रुमाल वाण्याच्या पुड्यांस गेले, पावसांत कुजले किंवा बंबांत जळले ह्याची मोजदाद कोण करणार? आमच्या ओळखीच्या एका घरीं तर फळीवरचें गांठोडें दिवाळीच्या साफसफाईंत गेलें, आणि आठ दिवसांनीं त्या घरचा मुलगा निबंधासाठीं जुने कागद शोधूं लागला! मोडी शिकण्यास कांहीं वर्षें लागत नाहींत. नेमानें बसलें तर एका उन्हाळ्याच्या सुटींत सरळ अक्षराचा कागद लागूं लागतो. ज्यांस ही हौस असेल त्यांनीं आम्हांस भेटावें; शनिवारीं दुपारीं एक तास आम्ही देऊं.

पुढील अंकासाठीं इतिहासाच्या निबंधांपुरता आम्ही एक नियम करीत आहों. प्रत्येक निबंधासोबत निदान एका अस्सल कागदाची स्वहस्तें केलेली नक्कल जोडावी, व ती कशी मिळाली हें चार ओळींत लिहावें. भाषेच्या अलंकारांस गुण थोडे राहतील. आमची चूक दाखवून देणाऱ्यास ते कापले जाणार नाहींत. मूळ कागद मात्र कोरड्या फडक्यांत बांधून घरींच ठेवावा. शाळेंत आणूं नये.