'सिबिल दुरुस्त करून मिळेल!'

मंडळी, 'सिबिल वाढवून मिळेल, जुनी थकबाकी पुसून मिळेल' असे निरोप हल्ली आमच्या तळोद्यातही मोबाईलवर येऊ लागले आहेत. स्पष्टच लिहितो, ही शुद्ध लबाडी आहे.

मास्तरकी करताना 'दाखल्यावरची जन्मतारीख जरा बदलून द्या' म्हणणारे पालक यायचे. जनरल रजिस्टरातली खरी नोंद मुख्याध्यापकालाही खोडता येत नाही. चुकीची असेल तर पुरावा देऊन रीतसर दुरुस्त होते. कर्जाच्या नोंदीचेही तसेच. खरी नोंद कोणताही एजंट काढू शकत नाही, आणि चुकीची नोंद फुकट दुरुस्त करणे हे सिबिलचे आणि बँकेचे कामच आहे. मग एजंट पैसे कशाचे घेतो? आपल्या अज्ञानाचे! वर आधार, पॅन आणि ओटीपीही घेतो. उद्या त्यावर आपल्या नावाने दुसरेच कर्ज निघाले तर?

कोणी म्हणेल, "गुरुजी, मग करायचे काय?" सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा नियम २०१७ पासून आहे. तो काढा, नीट वाचा. न घेतलेले किंवा फिटलेले कर्ज बाकी दिसले तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. तिथेही फी नाही.

आणि नोंद खरीच असेल तर? तर फेडणे, दुसरा उपाय नाही. थोडे भरून 'सेटलमेंट' केली तर तसा शेरा अहवालात राहतो. जमेल तर पूर्ण भरून बेबाकी दाखला घ्या. पुढचा प्रत्येक हप्ता तारखेला भरा, दहा ठिकाणी अर्ज करत फिरू नका. भिडेखातर जामीन राहणाऱ्या भावकीनेही ध्यानात ठेवावे, कर्जदार थकला की डाग जामीनदारालाही लागू शकतो.

याला महिने लागतात, कधी वर्षे. पण गुणपत्रिकेवर खाडाखोड करून कोणी पास होत नाही, अभ्यास करून पुन्हा परीक्षेला बसावेच लागते!

खरी गोम लाजेत आहे. पपईचा भाव पडला, हप्ता चुकला, यात पाप नाही. पण माणूस लाजेपोटी बँकेची पायरी चढत नाही आणि गुपचूप एजंटाकडे जातो. या लबाडांचे दुकान त्या लाजेवरच चालते.

असो. पटले तर चार जणांना सांगा. नाही पटले तर वाद घालायला मी आहेच.