इनहेलरखालची कॅप्सूल

सीओपीडीच्या रुग्णाची फाइल उघडली की अनेकदा इनहेलरखाली अँटिऑक्सिडंटची एखादी कॅप्सूल लिहिलेली असते. कधी एन-ॲसिटिलसिस्टीन, कधी बीटा-कॅरोटिन घातलेली मिश्र गोळी. त्यामागचा प्रयोगशाळेतला तर्क खोटा नाही. धुरातल्या ऑक्सिडंटमुळे वायुकोशातल्या मॅक्रोफेजमध्ये एनएफ-कप्पा-बी कार्यान्वित होतो, आयएल-8 आणि टीएनएफ-अल्फा स्रवतात, न्यूट्रोफिल गोळा होतात. एचडीएसी-2 हे एन्झाइमही मंदावते. स्टिरॉइडला सीओपीडी फारशी दाद देत नाही, त्याचे हे एक मोठे कारण. पेशींच्या कल्चरमध्ये एन-ॲसिटिलसिस्टीन घातले की आयएल-8 घटते.

पण हेच मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल सुपरऑक्साइड बनवून जंतू मारतात. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजमध्ये ते बनत नाही आणि ॲस्परजिलस फुफ्फुसात ठाण मांडतो. म्हणजे ऑक्सिडंट सरसकट दाबून टाकावेत असे नाहीतच. शिवाय तोंडावाटे दिलेल्या एन-ॲसिटिलसिस्टीनचा जेमतेम दहावा हिस्सा रक्तापर्यंत पोहोचतो. कल्चरमधली मात्रा फुफ्फुसात मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

चाचण्यांतही चित्र संमिश्रच दिसते. 523 रुग्णांच्या ब्रॉन्कस चाचणीत (2005) तीन वर्षे रोज 600 मिलिग्रॅम देऊनही एफईव्ही-1 ची घसरण थांबली नाही. चीनमधल्या पँथिऑन चाचणीत (2014) दुप्पट मात्रेने मध्यम ते तीव्र आजारात रोग बळावण्याचे प्रसंग घटले. आयपीएफ या फुफ्फुसाच्या वेगळ्या आजारात मात्र याच औषधाने एकट्याने काहीच साधले नाही.

बीटा-कॅरोटिनच्या अपायाबद्दल तर संशयाला जागाच नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवरच्या चाचणीत (1994) ते घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी वाढला. अमेरिकेतली कॅरेट चाचणी तर 1996 मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. इतके माहीत असूनही ती गोळी आपल्या ओपीडीतून जाते, याची खंत वाटते.

आमचे मत स्पष्ट आहे. वारंवार रोग बळावणाऱ्या, विशेषतः श्वासातून स्टिरॉइड न घेणाऱ्या रुग्णाला एन-ॲसिटिलसिस्टीन 600 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा विचारपूर्वक द्यावे. बाकीच्यांना नको. त्यांचे ते पैसे इनहेलर आणि लशीसाठी राहू द्या. घरी चूल असेल तर तिच्या धुराबद्दल विचारा. आणि धूम्रपान करणाऱ्या प्रत्येक रुग्णाला त्याच्या गोळ्यांची पाकिटे घेऊन यायला सांगा. घटकांत बीटा-कॅरोटिन दिसले, तर ती गोळी त्याच भेटीत बंद करा.