आडवी बाटली कोणाच्या हाती?

सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत शिफ्ट सुटल्यावर दारूबंदीचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली. आदिवासींची तर संस्कृतीच दारूची, आणि बंदी घातली की चोरटा धंदा वाढतो.

पहिलं वाक्य आळशी आहे. गोंडांच्या देवकार्यात मोहाची दारू लागते, हे खरं. पण देवापुढची वाटी आणि अड्ड्यावर मजुरी गिळणारी दारू एकच कशी? त्याच गोंडांच्या गडचिरोलीत लोकांच्या रेट्याने 1993 साली जिल्हाभर दारूबंदी झाली. पुढे 1996च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थ रोखण्याचा अधिकार दिला. 'संस्कृती'चा कळवळा बहुधा ज्यांच्या घरात मार बसत नाही त्यांनाच येतो.

दुसऱ्या वाक्यात दम आहे. चंद्रपूरच्या बायका 2010 साली चिमूरहून नागपूरपर्यंत चालत गेल्या, 2015 साली बंदी मिळाली आणि 2021 साली सरकारने ती उठवली. कारण सांगितलं चोरट्या दारूचं. पण यातून बंदी फोल ठरते की नुसती पोलिसांवर सोडलेली बंदी? गडचिरोलीत 2016पासून 'मुक्तिपथ' हे अभियान गावोगाव संघटना उभ्या करतंय, व्यसनींवर उपचारही करतंय. बंदीपाठोपाठचं हे किचकट काम सरकारी आदेशाने होत नाही.

लोकांची बंदी आणि सरकारची बंदी यांतला फरक ऑस्ट्रेलियात एकाच वर्षी दिसला. 2007 साली फिट्झरॉय क्रॉसिंगच्या आदिवासी स्त्रियांनी, जून ऑस्कर यांच्या पुढाकाराने, घरी न्यायच्या कडक दारूची विक्री थांबवायला लावली. त्याच वर्षी तिथल्या केंद्र सरकारने नॉर्दर्न टेरिटरीत आदिवासींच्या जमिनीवर वरून बंदी लादली. त्यासाठी वंशभेदविरोधी कायदाच बाजूला ठेवावा लागला! दोन्हीकडे बंदीच, एक मागितलेली, दुसरी लादलेली.

आपल्याकडे मागायची वाट आहे. 2008च्या आदेशाने गावाबरोबर शहरी वॉर्डालाही आडव्या-उभ्या बाटलीचं मतदान मिळालं (आडवी म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू), म्हणजे कुपवाडलाही. मात्र त्या आदेशानुसार दुकान बंद व्हायला वॉर्डातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला हवीत. जी बाई कामावरून सुटू शकली नाही, तिचं मत न विचारता उभ्या बाटलीच्या पदरात. आमदाराला निवडून यायला अशी अट नाही. दारूच्या दुकानाला हे कवच कशाला? झालेल्या मतदानाचं बहुमत पुरे म्हणा, आणि मग बंदी चालते की नाही यावर वाद घाला.