पाठीवर सात किलो, डोक्यात ऑफिस



सध्या आपल्या घराघरांतून एक नवा हट्ट ऐकू येतोय. "ऑफिसचा वैताग आलाय, पाठीला बॅग लावून पंधरा दिवस परदेशात जाते, स्वस्तात." म्हणणारी मुलगी कमावती असते, आणि ऐकणाऱ्या आईच्या पोटात गोळा येतो. माझ्या भाचीनं व्हिएतनामचं नाव काढल्यावर ताईचा फोन आला, "तूच समजाव तिला." मी समजावलं, पण ताईला.

माझं मत आधीच सांगते. जाऊ द्यावं. फक्त जाण्याआधी काही गोष्टी स्वच्छ करून घ्याव्यात.

पहिली गोष्ट वैतागाची. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये 'बर्नआउट'ला आपल्या यादीत जागा दिली, पण आजार म्हणून नव्हे, कामाच्या ठिकाणी उद्भवणारी अवस्था म्हणून. थकवा, कामाबद्दल तुटलेपण आणि हातून काम नीट न होणं, ही तिची लक्षणं. म्हणजे मूळ कामाच्या ठिकाणी आहे. रात्री अकराला मीटिंग लावणारा साहेब हनोईला जाऊन बदलत नाही. म्हणून मी भाचीला विचारलं, "तुला विश्रांती हवीय की नोकरी बदलायचीय?" ती बराच वेळ गप्प बसली. विश्रांती हवी असेल तर प्रवास उपयोगी पडेल. नोकरीच नकोशी झाली असेल तर परत आल्यावर आठवडाभरात पुन्हा तेच. आणि तिकीट काढण्याआधी राजीनामा तर मुळीच नको. रजा मंजूर करून घ्यावी, काम कोणाकडे सोपवलं ते लिहून द्यावं आणि फोनमधला ऑफिसचा मेल बंद करावा. एवढं होणार नसेल तर ती सुट्टी नव्हे, ऑफिसची जागा तेवढी बदलली.

दुसरी गोष्ट पैशांची. भाचीच्या वहीतला हिशेब असा: विमान ३२,०००, व्हिसा आणि विमा ४,०००, अकरा रात्री वसतिगृहातला पलंग ८,८००, बारा दिवसांचं खाणं १०,८००, तिथल्या बस-रेल्वे आणि तिकिटं १२,०००. झाले ६७,६००. वर अडीअडचणीला १२,४०० धरून ८० हजार. व्हिएतनामचा एकदा प्रवेशाचा ई-व्हिसा २५ डॉलरला मिळतो, पण सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी दलालांची संकेतस्थळं जास्त पैसे उकळतात, तेव्हा नीट बघून अर्ज करावा. ही रक्कम बचतीतून जात असेल तर माझी हरकत नाही. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर जाणार असेल तर मात्र थांबावं. ताण घालवायला गेलेली पोर वर्षभराचा ताण घेऊन परत येईल.

तिसरी गोष्ट, जिच्यासाठी ताईनं खरा फोन केला होता: "ती खाणार काय?" प्रश्न रास्त आहे. तिथं माशाचा सॉस जवळजवळ सगळ्यात असतो, आणि भाज्यांच्या सूपचं पाणीसुद्धा हाडांचं असू शकतं. पण त्याच देशात बौद्ध परंपरेचं शाकाहारी जेवण आहे, त्याला 'चाय' म्हणतात. आपल्या चहाशी संबंध नाही! "तोइ आन चाय" म्हणजे मी शाकाहारी आहे. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले पुष्कळ लोक मुद्दाम असं जेवतात, आपल्या अष्टमी-चतुर्दशीची आठवण व्हावी असं. कडक पाळणारे तर कांदा-लसूणही वर्ज्य करतात. तरी कंदमुळांचा नियम त्यांचा नाही, मशरूमही भरपूर वापरतात, म्हणून दर वेळी विचारावं लागतंच. भात, टोफू, पालेभाजी, फळं यांवर दिवस निघतो. बाकी आपली भाजणी, मेतकूट, खाकरे, शेंगदाण्याचे लाडू आणि पाणी गाळायचं फडकं आहेच.

रात्रीभोजनाचा त्याग असेल तर एक व्यवहार लक्षात ठेवा. डिसेंबरात हनोईत सव्वापाच-साडेपाचलाच सूर्य मावळतो. गाव बदलायचं त्या दिवशी दुपारी चारच्या आत मुक्कामी पोहोचायचं, असाच बेत आखावा. आणि चातुर्मासात जाऊच नये. नाहीतरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात मध्य व्हिएतनामला पावसाचा, पुराचा तडाखा असतो. फेब्रुवारी अखेर ते एप्रिल बरं. त्याआधी त्यांचं नवं वर्ष, टेट, येतं. तेव्हा दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या.

आता कोणी म्हणेल, श्राविकेनं असं भटकावं का? बारा व्रतांतलं दिग्व्रत ज्यांनी घेतलंय, त्यांनी आपली मर्यादा पाळावी, त्यात वाद नाही. पण ते व्रत काय शिकवतं? किती दूर जायचं ते आधी ठरव आणि त्यातच राहा. परिग्रह-परिमाणही तेच सांगतं: किती ठेवायचं ते आधी ठरव. स्वस्तातल्या प्रवासाला नेमकी हीच शिस्त लागते. बारा दिवस, ऐंशी हजार, सात किलो. तीन जोड कपडे रोज धुऊन वापरायचे. मला तर वाटतं, चार सुटकेसा घेऊन, आचारी बरोबर घेऊन केलेल्या महागड्या टूरपेक्षा हा प्रवास आपल्या शिकवणीच्या जवळचा आहे. कमी सामानात चालतं हे पोरीला एकदा अंगवळणी पडलं, की ज्या पगारासाठी ती एवढं सोसते, त्यातलं खरं गरजेचं किती हेही तिला कळेल. तेव्हा नोकरीबद्दलचा निर्णय ती घाबरून घेणार नाही.

काळजीचं म्हणाल तर ती राहणारच. पहिल्या दोन रात्रींचं राहणं आधी ठरवावं, फक्त मुलींची खोली घ्यावी, पासपोर्टची प्रत घरी ठेवावी, रोज एक निरोप द्यावा. आणि आयांनो, निरोप एकच मागा. दर तासाला फोन करून "जेवलीस का" विचारलंत, तर तिच्या साहेबात आणि आपल्यात फरक तो काय?

शेवटी एक तुमच्यासाठी. मुलगी थकली तर ती रजा मागते. पंचवीस वर्षं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या आपल्यापैकी किती जणींनी कधी रजा मागितली? व्हिएतनाम राहू द्या. कुंभोजला बाहुबलीला दोन दिवस एकटीनं, एका पिशवीत मावेल एवढं घेऊन जाऊन या. घरचे दोन दिवस आमटी-भात करून खातील.