फक्त बर्फ आणि पाणी, तरी चरस तो चरसच

“डॉक्टर, यात केमिकल काहीच नाही. फक्त बर्फ आणि पाणी!” घरी चरस काढण्याचं समर्थन असं केलं जातं. केमिकल नाही हे खरं. म्हणून तो सौम्य, हे मात्र साफ चूक.

कासुर्डीकरांना गुऱ्हाळ समजावून सांगायला नको. रस आटवताना त्यात साखर घातली नाही, तरी गुळाचा खडा रसाच्या घोटापेक्षा किती गोड! इथेही तेच. गांजाच्या फुलांवरची राळ वेगळी होते, पाला मागे राहतो आणि नशा आणणारं टीएचसी एकवटतं. 1985 च्या एनडीपीएस कायद्याखालची ‘अल्प मात्रा’ बघा: गांजा 1 किलो, चरस फक्त 100 ग्रॅम. घरी काढला तरी गुन्हाच.

मला काळजी वेगळीच आहे. छातीत धडधड, संशय, भास. कोवळ्या वयात किंवा घरात कुणाला मनोविकार असेल तर धोका जास्त. खाल्ल्यावर अंमल चढायला तास-दोन तास लागू शकतात. तोवर पोरगं दुसरा तुकडा तोंडात टाकतं. अशा वेळी दवाखान्यात आणा आणि काय घेतलं ते खरं सांगा. मी पोलीस नाही. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.