चौदा ते अठरा : कुणाचीच जबाबदारी नसलेली चार वर्षे

दसऱ्याचे सोने वाटून झाले, की बीड, जालना, परभणी या जिल्ह्यांतील गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ट्रॅक्टरमध्ये, बैलगाडीत संसार भरून पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या उसाच्या फडांकडे निघतात, ती उन्हाळ्यातच परततात. त्यांच्याबरोबर शाळेच्या हजेरीपटावरील कित्येक नावेही जातात. आणि एकदा गेले की जे नाव बहुधा परत येत नाही, ते तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचे असते.

फडावर ही मुलगी काय करते? पहाटे आईबाप मोळ्या बांधावयास गेले म्हणजे कोपीपुढची चूल तिची, लांबून आणावयाचे पाणी तिचे आणि पाठचे भावंडही तिच्याच कडेवर. तिच्या या श्रमाची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. पण ते नसतील तर आईचा कोयता चालणार नाही.

मुलींना फी पडते म्हणून त्या शाळा सोडतात, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. आपल्या राज्यात मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे. परंतु फी माफ करणे निराळे आणि मुलीला शाळेत आणून बसविण्याची जबाबदारी स्वीकारणे निराळे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ही जबाबदारी सरकारवर टाकली, ती सहा ते चौदा वर्षांपुरतीच. शाळेतील दुपारचे जेवणही आठवीलाच थांबते. शिष्यवृत्त्या आहेत, नाही असे नाही. पण शिष्यवृत्ती शाळेत बसलेल्या मुलीला मिळते, फडावर गेलेल्या मुलीला नव्हे. दुसऱ्या बाजूस, अठरा वर्षांच्या आत मुलीचा विवाह करू नये, असे २००६ चा कायदा बजावतो. म्हणजे चौदाव्या वर्षी शाळेचा कायदा तिचा हात सोडतो आणि अठरा वर्षांपर्यंत विवाहाचा कायदा तिला केवळ थांबण्यास सांगतो. या चार वर्षांत तिने कोठे राहावे, काय शिकावे, कोणाच्या आधाराने राहावे, याचे उत्तर कोणीच देत नाही.

ते उत्तर मग आईबापांनाच शोधावे लागते. गावी वयात आलेली मुलगी एकटी ठेवावी, तर जिवाला घोर. आजी म्हातारी, हायस्कूल दुसऱ्या गावी. एस.टी.चा पास फुकट मिळतो, पण शाळेच्या वेळेला गाडी यावी लागते. बरोबर न्यावी, तर शाळा सुटते. शिवाय उचल मिळते ती जोडप्याला. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. या हिशेबात मुलीचे लग्न उरकणे हाच सर्वांत सोपा मार्ग ठरतो. अशा आईबापांना अडाणी म्हणून हिणविणे सोपे आहे. परंतु त्यांना दुसरा मार्ग आम्ही दाखविला आहे काय?

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले, की समाजाची प्रगती मी त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. मुलींच्या लग्नाची घाई करू नका, असेही त्यांनी त्याच सभेत बजावले. या दोन गोष्टी निराळ्या नव्हत्या. एकीवाचून दुसरी साधत नाही, हे त्यांनी जाणले होते. त्याच नागपुरात, डोक्यावर ओझी वाहून पोट भरलेल्या जाईबाई चौधरींनी मुलींची शाळा काढली होती. त्या वेळी त्यांच्या पाठीशी ना कायदा होता, ना सरकारी अनुदान. आज आपल्यापाशी पदवीधर आहेत, नोकरदार आहेत, विहारे आहेत, जयंतीच्या वर्गण्या आहेत. तेव्हा साधने नाहीत, ही सबब आपल्याला शोभणारी नाही.

सरकारकडे आपली मागणी स्पष्ट असावी. शिक्षणाच्या हक्काची मर्यादा अठरा वर्षांपर्यंत वाढवावी. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे काढण्याचे सरकारने २०२१ साली ठरविले. त्यांतील निम्मी मुलींची. मुलींचे प्रत्येक वसतिगृह दसऱ्यापूर्वी उघडलेच पाहिजे. टोळी गेल्यावर उघडलेल्या वसतिगृहाचा या मुलीला काडीचाही उपयोग नाही.

परंतु मागणी करून आपले कर्तव्य संपत नाही. प्रत्येक गावच्या मंडळाने भाद्रपदातच आठवीतील मुलींची यादी करावी. कोणाचे आईबाप फडावर जाणार, कोणती मुलगी कोणाच्या घरी सुरक्षित राहील, हे टोळी निघण्यापूर्वी ठरवावे. मुलगी बंजाऱ्याची आहे की वंजाऱ्याची, मांगाची आहे की बौद्धाची, हे विचारू नये; फडावरची उपासमार जात पाहून येत नाही. जयंतीच्या वर्गणीतील ठराविक भाग या मुलींच्या राहण्या-जेवण्यासाठी बाजूला काढावा. आणि अठरा वर्षांच्या आतील मुलीच्या लग्नाचे निमंत्रण आले, तर त्या मांडवात जेवावयास न जाता, मांडव पडण्यापूर्वी तिच्या बापाच्या दारी जावे आणि तिच्या चार वर्षांची हमी आपण घेत आहोत, असे त्याला सांगावे.

ही हमी घेण्याची तयारी नसेल, तर त्या बापाला उपदेश करण्याचा अधिकारही आपल्याला नाही.